जमीन कुणाची, कागद कुणाचा? नागपूरपासून लंडन-दुबईपर्यंत मालकी हक्काबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे येणारे प्रश्न साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे बेसा-मानेवाड्याकडे प्लॉट घेतलाय, पटवारी असं म्हणतो, आता काय करू. दुसरा म्हणजे पोरगं अमेरिकेत नाहीतर दुबईत घर घेतंय, तिकडे म्हणे जमिनीत फसवणूकच होत नाही, खरं आहे का हो. दोन्ही एकाच पानावर घेतलेत, कारण आत शिरलं की मुद्दा एकच निघतो: सरकारदरबारचा कागद चुकीचा निघाला तर पैसे कोण भरून देतं? प्रत्येक देशाचं उत्तर वेगळं आहे. बाकी, हे वाचून थेट सही करू नका, कागद वकिलाला दाखवाच.

१. सातबाऱ्यावर माझं नाव चढलं, म्हणजे जमीन माझीच झाली ना?

पूर्णपणे नाही. सातबारा मुळात महसुलाचा कागद आहे, सारा कुणाकडून घ्यायचा, कसतो कोण, पीक काय, बोजा कुणाचा हे सरकारला कळावं म्हणून केलेला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १५७ प्रमाणे त्यातली नोंद खरी धरतात, पण ती खोटी आहे असं कुणी सिद्ध करेपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही न जात नाही, हे कोर्टांनी इतक्यांदा सांगितलंय तरी लोक फेरफार मंजूर झाला की पेढे वाटतात. त्याला किंमत नाही असं नाही बरं, पीककर्ज, नुकसानभरपाई, मोजणी सगळं सातबाऱ्यावरूनच होतं. शहरात जिथे सिटी सर्व्हे झालाय तिथे आखीव पत्रिका असते, तिचंही असंच.

२. पण माझी तर रजिस्ट्री झालीये, सरकारी शिक्का आहे!

शिक्का आहे, पण कशावर ते बघा. नोंदणी कायदा १९०८ चा, आणि त्यात नोंद होते ती दस्ताची. दुय्यम निबंधक स्टॅम्प ड्युटी, ओळखपत्रं, साक्षीदार, अंगठे-फोटो बघतो आणि दस्त नोंदवतो. विकणाऱ्याकडे विकण्यासारखं काही होतं का हे तपासायची जबाबदारी त्याच्यावर नाही, ती तुमच्यावर. म्हणून वकील ३० वर्षांचा सर्च काढतात, इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्ताचा सारांश) बघतात, जुने फेरफार एकेक करून वाचतात. ज्याची जमीनच नव्हती त्याने तुम्हाला कितीही कडक स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं तरी तुम्हाला काही मिळत नाही, आणि सरकार भरपाई देत नाही. विकणाऱ्याला धरा, सापडला तर.

३. महानगरपालिकेच्या टॅक्सची पावती माझ्या नावाने आहे, ती चालेल का पुरावा म्हणून?

ताबा दाखवायला थोडीफार कामाची. मालकीला नाही. टॅक्स कुणाकडूनही घेतात.

४. मग परदेशात नेमकं वेगळं काय आहे?

सगळीकडे वेगळं नाही, पण जगात ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. एकीत सरकार कागद सांभाळतं आणि मालकी कोणाची ते तुम्ही शोधा म्हणतं, आपण यातले. दुसरीत सरकार रजिस्टरमध्ये मालकाचं नाव लिहितं आणि त्या नावाची हमी घेतं. ही दुसरी पद्धत प्रसिद्ध झाली दक्षिण ऑस्ट्रेलियात, १८५८ च्या कायद्याने, आणि तिला नाव पडलं रॉबर्ट टॉरेन्स यांचं. हे गृहस्थ ॲडलेडला कस्टम्सचे कलेक्टर होते, जहाजांची नोंदणी कशी होते हे रोज बघायचे, की जहाजाचा जुना इतिहास कुणी उकरत बसत नाही, रजिस्टरमध्ये नाव असेल तो मालक. मग जमिनीचंच काहून नाही, असा त्यांचा सवाल.

या पद्धतीचे तीन पाय आहेत. रजिस्टर म्हणजे जमिनीच्या हक्काचा आरसा. रजिस्टरच्या मागे पडद्याआड बघायची गरज नाही. आणि तिसरा, ज्याच्यावर बाकीचे दोन उभे आहेत, तो म्हणजे रजिस्टरच्या चुकीने किंवा फसवणुकीने कुणाचं नुकसान झालं तर भरपाई मिळणार, त्यासाठी वेगळा फंड. आपल्याकडे पहिल्या पायाबद्दल खूप बोलतात, डिजिटल सातबारा, ऑनलाइन नकाशा वगैरे, आणि तिसऱ्याचं नाव निघालं की सगळे चूप. माझ्या मते खरी गोष्ट तिसऱ्यातच आहे, बाकी नुसतं स्कॅनिंग.

५. इंग्रजांनी आपल्याला हे कायदे दिले, मग त्यांच्या स्वतःच्या देशात काय आहे?

गंमत म्हणजे तेही बराच काळ आपल्यासारखेच होते, पेटीत जुने दस्त ठेवायचे आणि वकील ते वाचायचे. लँड रजिस्ट्री १८६२ ला सुरू झाली पण ऐच्छिक, आणि सबंध इंग्लंड-वेल्समध्ये विक्रीनंतर नोंदणी सक्तीची झाली ती थेट १ डिसेंबर १९९० पासून. म्हणजे सव्वाशे वर्षांच्या वर गेली, तेही छोट्याशा देशात. आजही ज्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या विकल्याच नाहीत त्यातल्या काही रजिस्टरबाहेर आहेत. एकदा नोंद झाली की मात्र हमी सरकारची, चुकीची भरपाईही सरकार देतं.

एक बारकावा लोकांना माहीत नसतो: तिथली हमी मालक कोण याची आहे, कुंपणाच्या अचूक रेषेची नाही. नकाशावरची लाल रेघ साधारण हद्द दाखवते, त्यामुळे शेजाऱ्याशी एक फुटावरून भांडण तिथेही चालतं, आपल्यासारखंच. आणि तिथे घर असेल तर लँड रजिस्ट्रीची फुकट अलर्ट सेवा आहे, तुमच्या घराबद्दल काही अर्ज आला की ईमेल येतो, भारतात बसूनसुद्धा लावता येते, लावून टाका.

६. मुलगा अमेरिकेत घर घेतोय, त्याला टायटल इन्शुरन्स घ्यायला लावताहेत. हे काय नवीन लफडं?

लफडं नाही, त्यांचं उत्तर आहे ते. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी काउंटीच्या ऑफिसात नुसते दस्त नोंदवतात, म्हणजे मूळ पद्धत आपल्याच जातकुळीची (प्रश्न २), सरकार मालकीची हमी देत नाही. ती पोकळी प्रायव्हेट कंपन्यांनी भरली, पहिली अशी कंपनी फिलाडेल्फियात १८७६ ला निघाली. कंपनी जुने दस्त तपासते, काही राहिलं आणि उद्या कुणी वारस उभा राहिला तर कोर्टाचा खर्च आणि पॉलिसीपुरतं नुकसान ती सोसते. प्रीमियम घर घेताना एकदाच.

मुलाला एवढंच विचारा की पॉलिसी बँकेसाठी आहे की मालकासाठी. बँक स्वतःची घ्यायला लावतेच, पण तिने फक्त कर्जाची रक्कम वाचते, त्याचे स्वतःचे पैसे वाचायचे तर मालकाची पॉलिसी वेगळी घ्यावी लागते. आणि पॉलिसीच्या मागे 'हे कव्हर नाही' अशी यादी असते ती वाचायला सांगा. अपवाद आयोवा राज्य, तिथे प्रायव्हेट टायटल इन्शुरन्स विकायला मनाई आहे आणि राज्याचीच हमी योजना चालते.

७. आणि जर्मनीत?

तिथे जमिनीचं रजिस्टर कोर्टाच्या अखत्यारीत असतं आणि नोटरीशिवाय घराचा सौदाच होत नाही. आपल्याकडचा कचेरीबाहेर टेबल टाकून बसलेला नोटरी डोळ्यासमोर आणू नका, तिथला नोटरी दोन्ही बाजूंना करार वाचून दाखवणारा मोठा कायदेतज्ज्ञ असतो. रजिस्टरवर विश्वास ठेवून प्रामाणिकपणे घेणाऱ्याला कायदा सांभाळतो. मात्र रजिस्टर कुणीही उठून बघू शकत नाही, योग्य कारण दाखवावं लागतं. स्वीडनमध्ये बरोब्बर उलट, मालक कोण हे कुणालाही विचारता येतं.

८. आपल्याकडे अशी हमी का देत नाही सरकार?

प्रयत्न झालेत. राजस्थानने २०१६ ला शहरी जमिनीसाठी मालकी प्रमाणपत्राचा कायदा केला. नीती आयोगाने २०२० मध्ये नमुना कायदा काढला. आंध्रने २०२२ चा लँड टायटलिंग कायदा आणला, तो निवडणुकीत पेटला, वाद कोर्टाऐवजी अधिकाऱ्यांकडे जातील आणि जमिनी हडपल्या जातील अशी लोकांना भीती वाटली, आणि २०२४ ला सरकार बदलल्यावर कायदाच रद्द झाला. भीती अगदी खोटीही नव्हती, हमी देणारं रजिस्टर म्हणजे त्यात नाव टाकणाऱ्याच्या हातात फार मोठी ताकद.

बाकी कारणं जमिनीवरची आहेत. मोजणी जुनी, रजिस्ट्री एका खात्याकडे, सातबारा दुसऱ्याकडे, नकाशा भूमी अभिलेखकडे, आणि तिघांचं एकमेकांशी जुळत नाही. दर प्लॉटला १४ अंकी भू-आधार, २०२० पासून गावठाणांचं स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजमाप, ही कामं चांगली आहेत, पण ती हमीच्या आधीची पायरी. रेरा कायद्याच्या कलम १६ मध्ये बिल्डरने टायटलचा विमा काढावा असं लिहिलंय, मात्र सरकार नोटिफाय करेल त्याप्रमाणे.

९. नागपुरात लेआउटमध्ये प्लॉट आहे, आरएल (नियमितीकरण पत्र) नाही, आममुखत्यारपत्रावर घेतलाय. मालक मीच ना?

भाऊ, यात दोन वेगळ्या भानगडी आहेत. पहिली आममुखत्यारपत्र: सुप्रीम कोर्टाने २०११ च्या सूरज लॅम्प खटल्यात स्पष्ट सांगितलंय की बयानापत्र, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा संच करून स्थावर मालमत्तेची मालकी जात नाही, नोंदवलेलं विक्रीपत्र पाहिजे. त्यामुळे मूळ मालक किंवा त्याचे वारस हयात आहेत तोवर विक्रीपत्र करून घ्या, उद्यावर टाकू नका. मालक वारला की मुखत्यारपत्र साधारणपणे तिथंच संपतं.

दुसरी भानगड लेआउटची. शेताचे तुकडे पाडून, कुठल्या तरी गृहनिर्माण सोसायटीच्या नावाने प्लॉट विकून, नकाशा मंजूर न करता अर्धं नागपूर वाढलं. त्याला २००१ च्या गुंठेवारी कायद्याचा आधार मिळाला, विकास शुल्क भरा, डिमांड नोट घ्या, नियमितीकरण पत्र म्हणजे आरएल मिळवा. पण आरएलने बांधकामाचा आणि लेआउटचा प्रश्न सुटतो, मालकीचा नाही. दोन सोसायट्यांनी एकच प्लॉट दोघांना विकला असेल तर आरएल हातात धरून काही होत नाही. घेण्याआधी मौजा, खसरा, प्लॉट नंबर रजिस्ट्रीत, सातबाऱ्यात आणि लेआउटच्या नकाशात एकच आहेत का ते बघा, अर्धे झगडे इथेच कळतात.

पेरू देशात हेच मोठ्या प्रमाणावर झालं, लिमाच्या भोवती लोकांनी वस्त्या वसवल्या आणि १९९६ पासून तिथल्या सरकारने खास संस्था काढून घराघराला मालकीपत्रं दिली. पत्र मिळालं की बँका दारात कर्ज घेऊन येतील अशी आशा होती. लोक निर्धास्त झाले, घरं पक्की झाली, बँका मात्र आशेइतक्या पुढे आल्या नाहीत.

१०. आमचा प्लॉट नझूलचा आहे, लीज संपत आली. लंडनमध्येही सगळे लीजवरच राहतात म्हणे?

सगळे नाही, पण फ्लॅटवाले बहुतेक. नझूल म्हणजे जमीन सरकारची, तुम्ही पट्टेदार, मुदतीत ग्राउंड रेंट भरायचा, मुदत संपली की नूतनीकरण, विकायचं तर परवानगी. नागपूर सुधार प्रन्यासच्या जुन्या लेआउटमधले प्लॉटही ३० वर्षांच्या लीजवर दिलेले असतात. सरकार मधून मधून फ्रीहोल्ड, म्हणजे कायमच्या मालकीचं, करायच्या सवलतीच्या योजना काढतं, ती खिडकी उघडी असेल तेव्हा उडी मारलेली बरी, रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला जमिनीचा दर, दरवेळी वरच जातो.

इंग्लंडात लीज ९९, १२५, कधी ९९९ वर्षांची. तिथे जमीनमालक सरकारच असतो असं नाही, एखादं सरदार घराणं किंवा गुंतवणूक कंपनी असते. जुन्या नियमाने लीज ८० वर्षांखाली गेली की वाढवून घेणं महाग पडतं, म्हणून तिथे फ्लॅट घेणारे आधी किती वर्षं उरली ते विचारतात. २०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांच्या मुदतवाढीची तरतूद आहे, सगळी कलमं एकदम लागू झालेली नाहीत. हाँगकाँगमध्ये तर जवळजवळ सगळीच जमीन सरकारकडून लीजवर, त्याला प्रसिद्ध अपवाद एका चर्चचा, सेंट जॉन्स कॅथेड्रल.

११. चीनमध्ये घर ७० वर्षांनी सरकार परत घेतं, हे खरं का?

घर तुमचं, जमीन नाही. शहरातली जमीन सरकारची, गावातली सामूहिक, आणि तुम्हाला मिळतो वापराचा हक्क, राहण्यासाठी ७० वर्षं, उद्योगाला ५०, व्यापाराला ४०. राहत्या घराचा हक्क मुदतीनंतर आपोआप वाढेल असं २००७ च्या मालमत्ता कायद्यात आलं आणि २०२१ च्या नागरी संहितेत कायम राहिलं, पैसे किती लागतील ते मोघम ठेवलंय. सिंगापूरचे सरकारी फ्लॅट ९९ वर्षांचे आणि तिथे मुदत संपली की फ्लॅट परत जातो, यावर त्यांच्या सरकारने गोड बोलून फसवलेलं नाही, स्पष्ट सांगितलंय.

१२. दुबईत फ्लॅट घ्यावा का, तिथे 'फ्रीहोल्ड' मिळतो म्हणतात?

घ्यावा का ते तुमचं तुम्ही ठरवा. मिळतो का, तर हो, २००६ च्या कायद्यापासून, पण ठरावीक भागांतच. दुबई लँड डिपार्टमेंट मालकीपत्र देतं, हस्तांतरणाला किमतीच्या ४ टक्के फी. इमारत उभी व्हायची असेल तर तात्पुरत्या रजिस्टरमध्ये नोंद झाली का आणि तुमचे पैसे प्रोजेक्टच्या एस्क्रो खात्यात (त्याच प्रोजेक्टसाठी राखून ठेवलेलं खातं) जाताहेत का हे बघा, एजंटच्या खात्यात एक दिरहमही नको. भारतातून पैसे पाठवायला माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. तुम्ही इथे रहिवासी असाल तर तिथलं भाडं इथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं, हे एजंट कधीच सांगत नाही. आणि वारसाचं काय, तर मुस्लिमेतरांना तिथे मृत्युपत्र नोंदवायची सोय आहे, ती करूनच ठेवा.

१३. मुलाने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. काटोलची संत्र्याची बाग त्याच्या नावाने घेऊन ठेवू का?

विकत घेता येणार नाही. फेमाच्या, म्हणजे परकीय चलन कायद्याच्या, नियमाप्रमाणे ओसीआय कार्डवाल्याला (परदेशी नागरिकत्व घेतलेला भारतीय वंशाचा माणूस) शेती, मळा, फार्महाऊस विकत घेता येत नाही, आणि नागरिकत्व भारताचंच ठेवून तिकडे राहणाऱ्यालाही नाही. तुमच्याकडून वारसाने मात्र येऊ शकते, पुढे विकायची तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच. शिवाय विदर्भात १९५८ च्या कूळकायद्याच्या कलम ८९ मुळे बिगरशेतकऱ्याला शेती घ्यायला मनाई आहे, परवानगीचे अपवाद सोडून. कर्नाटकाने ही अट २०२० ला काढून टाकली.

आपणच असे कडक आहोत असं नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला जमीन सहसा घेताच येत नाही, कॉन्डोच्या इमारतीतही परदेशी वाटा ४९ टक्क्यांपर्यंतच. केनियाच्या २०१० च्या घटनेने परदेशी माणसाला जास्तीत जास्त ९९ वर्षांची लीज ठेवलीय. न्यूझीलंडने २०१८ ला बहुतेक परदेशी लोकांना राहती घरं घेणंच बंद केलं.

१४. शेजारी १२ वर्षांपासून माझ्या प्लॉटवर बसलाय. आता तो मालक होतो का?

नुसतं बसून होत नाही. मुदतीच्या कायद्याने खाजगी जमिनीला १२ वर्षं, सरकारीला ३०, पण ताबा उघड, सलग आणि तुमच्या मालकीला आव्हान देणारा पाहिजे. भाडेकरू, राखणदार, तुम्ही प्रेमाने ठेवलेला नातेवाईक यांचा ताबा परवानगीचा, तो कितीही वर्षांचा असो. भावाभावांत एकाचा ताबा साधारणतः सगळ्यांच्या वतीने धरतात. २०१९ पासून असा ताबेदार स्वतः दावाही लावू शकतो, त्यामुळे 'तो कोर्टात जाणार नाही' या भरवशावर राहू नका. रिकाम्या प्लॉटला कुंपण, बोर्ड आणि वर्षातून दोन फोटो, हा सगळ्यात स्वस्त वकील.

इंग्लंडात बर्कशायरमधली सुमारे २३ हेक्टर नोंदणीकृत जमीन एका कंपनीच्या हातून अशीच गेली, प्रकरण युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत पोचलं आणि २००७ ला तिथेही कंपनी हरली. त्याआधीच, २००२ ला, तिथे कायदा बदलला होता. आता १० वर्षांनी घुसखोर अर्ज करतो, रजिस्ट्री मालकाला नोटीस पाठवते आणि मालक जागा झाला तर घुसखोराला हटवायला त्याला दोन वर्षं मिळतात. हमी द्यायची म्हटल्यावर (प्रश्न ४) ताब्याला इतकी ढील देऊन चालत नाही.

१५. उमरेडकडे शेतात कोळसा निघाला तर कोळसा माझा?

नाही हो. महसूल संहितेच्या कलम ४८ ने खनिजं राज्याची, आणि कोळशासाठी जमीन घ्यायला केंद्राचा १९५७ चा वेगळा कायदा आहे. तुम्हाला जमिनीचा मोबदला, कोळशाचा नाही. केरळच्या मलबारमधल्या काही जमिनींबाबत २०१३ ला सुप्रीम कोर्टाने खालचं खनिजही मालकाचंच म्हटलं, पण तो तिथल्या जुन्या हक्कांमुळे, ते वाचून इथे उड्या मारू नका. टेक्सासमध्ये तेल शेतमालकाचं असू शकतं, फक्त आजोबांनी खालचा हक्क आधीच विकलेला असतो आणि नातवाच्या शेतात दुसऱ्याचं ड्रिलिंग चालतं. तिथे घर घेताना जमिनीखालचा हक्क सोबत येतोय का हे वेगळं विचारायचं.

१६. बाबा जाऊन कितीतरी वर्षं झाली, वारस फेरफार केलाच नाही, बहिणींची सही लागेल का?

लागेल. वडिलोपार्जित हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला, आणि २०२० च्या विनीता शर्मा निकालाने साफ झालं की बाप २००५ ला जिवंत होता की नाही याने फरक पडत नाही, फक्त २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली पक्की वाटणी उकरता येत नाही. बापाने स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल तरी मुली, मुलगे, बायको आणि बापाची आई सारखे वारस. बहीण देत असेल तर नोंदवलेलं हक्कसोडपत्र घ्या, साध्या कागदावरची सही नको.

उशिराबद्दल म्हणाल तर जपानमध्ये लोकांनी वारसनोंद टाळून टाळून इतक्या बेवारशी जमिनी झाल्या की १ एप्रिल २०२४ पासून तीन वर्षांत नोंद सक्तीची केली, नाहीतर एक लाख येनपर्यंत दंड. फ्रान्समध्ये मृत्युपत्राने पोरांना पूर्ण बेदखल करता येत नाही, एक अपत्य असेल तर निम्मं, दोघं असतील तर दोन-तृतीयांश, तीन किंवा जास्त असतील तर तीन-चतुर्थांश त्यांच्यासाठी राखीव.

१७. सातबाऱ्यावर 'झुडपी जंगल' लिहिलंय, पण आमचं घर तिथे कितीतरी वर्षांपासून आहे. आता पाडणार का?

हा आपल्या पूर्व विदर्भाचाच प्रश्न, नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. मध्यप्रांताच्या काळातल्या कागदात पडीक, झुडपांच्या, गुरं चारायच्या जमिनींना हा शब्द लागला. पुढे १९८० चा वनसंवर्धन कायदा आला आणि १२ डिसेंबर १९९६ ला सुप्रीम कोर्टाने 'वन' शब्दाचा व्यापक अर्थ लावला, तेव्हा या जमिनींवर शाळा, सरकारी इमारती, वस्त्या आधीच उभ्या होत्या. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाने झुडपी जंगल हे जंगलच असं सांगितलं, मात्र १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनी एकदाच नियमित करायला वाट ठेवली, राज्याने केंद्राकडे मंजुरी मागायची.

त्यामुळे तुमच्याकडे वाटप कधी आणि कुणी केलं याचा कागद शोधा, आदेश, पट्टा, जुना फेरफार, जे असेल ते. तारीख १९९६ च्या अलीकडची असेल तर अवघड आहे. आणि गावाचं निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज तहसीलमधून काढून ठेवा, चराई, सरपण, वाट, पाणी असे सगळ्या गावाचे हक्क त्यात लिहिलेले असतात आणि ते सातबाऱ्यावर दिसत नाहीत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला तो गावाचा जुना वापर दाखवून. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या माबो निकालाने आदिवासींचा मूळ हक्क मानला तेव्हा टॉरेन्सच्या त्या आरशातही हा हक्क कुठे दिसत नव्हता. वनहक्काचा तुमचा दावा वैयक्तिक असो की सामूहिक, तो आधी ग्रामसभेकडेच जातो, पण दोन्ही एकाच फाईलमध्ये घुसवू नका.